दोबेर दान म्हणण्याआधी

मला आता पाच युरोपी भाषांमध्ये नमस्कार करता येतो. छप्पन्न वर्षांच्या, बँकेच्या खुर्चीत पाठ आखडलेल्या माणसाच्या मानाने हे वाईट नाही. जर्मन, इटालियन, फ्रेंच आणि स्पॅनिश हे चार नमस्कार मी यंदाच्या माघात आठ-दहा दिवसांत शिकलो. पाचवा स्लोव्हेनियन. तो फक्त दोन शब्दांचा आहे, आणि तो योग्य माणसासमोर तोंडातून निघायला मला दीड महिना लागला. का लागला, ते लिहून काढायचं आहे.

आम्ही काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं कित्येक पिढ्या चाललं आहे. मुलगी एकुलती एक. ती इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकली आणि पुढच्या संशोधनासाठी स्लोव्हेनियाला गेली. इटली आणि ऑस्ट्रियाच्या मधला हा देश नकाशात अंगठ्याखाली झाकला जातो. तिथे तिच्याच प्रयोगशाळेतल्या मुलाशी तिने लग्न केलं. तेव्हा सगळ्या जगाचा प्रवास बंद होता. नगरपालिकेच्या कार्यालयात दहा मिनिटांत लग्न लागलं आणि आम्ही नवरा-बायकोने ते फोनवर पाहिलं. इथपर्यंत माझा काही दोष नाही.

दोष त्याच्या पुढच्या वर्षीच्या पौषातला आहे.

आमच्याकडे लग्नात व्याहीभेट असते. मुलीचा बाप पुढे होतो, मुलाच्या बापाला कवेत घेतो, आणि मगच मंडळी आत जातात. पहिलं पाऊल मुलीच्या बापाचं. लग्न तसं झाल्यामुळे ही भेट राहून गेली होती. मुलीने सासू-सासऱ्यांना कधीतरी गप्पांत हे सांगितलं असावं. दोघं निवृत्त शाळाशिक्षक, फारसे कुठे न फिरलेले. प्रवास सुरू झाल्यावर ते म्हणाले, भेट राहिली ना, मग आम्हीच जातो. मुलगी-जावयाला रजा मिळाली नाही, तर हे दोघंच निघाले. दिल्ली, आग्रा, आणि मग काशी. काशीतला एक पूर्ण दिवस त्यांनी आमच्यासाठी ठेवला होता. सकाळी आमच्याकडे यायचं, जेवायचं, आणि संध्याकाळच्या विमानाने परत.

त्या सकाळी मी बायकोला म्हणालो, "मिर्झापूरच्या शाखेत अचानक तपासणी लागली आहे. जावंच लागेल."

ती कणीक मळत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आजच?"

"आजच."

मी मिर्झापूरला गेलो नाही. रिक्षाने पूल ओलांडला, रामनगरला उतरलो आणि संध्याकाळी त्यांचं विमान सुटण्याची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. घरी आलो तेव्हा टेबलावर माझा चष्मा होता, शेजारी डबा. तपासणीला निघालेला बँकेचा माणूस चष्मा विसरत नाही, हे एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेल्या बाईला कळत नसेल असं मानण्याइतका मी मूर्ख नाही. पण मुलीला फोनवर तिने सांगितलं, "अगं, बाबांना ऐनवेळी बाहेर जावं लागलं." माझं खोटं तिने तिच्या तोंडाने पुढे नेलं.

मी का लपलो? धर्माचा प्रश्न होता असं लिहिता आलं तर बरं दिसलं असतं. आमच्या वडिलांनी आयुष्यभर वेद शिकवला, त्या आडोशाला उभं राहता आलं असतं. पण ते खरं नाही. खरं इतकंच आहे, की गल्ली पाहील, अशी मला भीती वाटली. आमची गल्ली दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत एवढी अरुंद. तिथे, आपल्या दारासमोर, एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याला मी मिठी मारतोय, आणि समोरच्या ओट्यावरचे दोघं-तिघं ते पाहत आहेत, हे चित्र मला आदल्या रात्रभर दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, "काय पंडितजी, समधी इंग्लंडचे का?" आणि मला हसून उत्तर द्यावं लागलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी.

आठवड्याने मुलीचा फोन आला. ती आनंदात होती. सासू-सासरे घरी पोचले होते, आईचं जेवण त्यांना आवडलं होतं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक गंमत सांगू? सासऱ्यांनी तुमच्यासाठी एक मराठी वाक्य पाठ केलं होतं. महिनाभर रोज माझ्याकडून म्हणवून घेत होते. तुम्ही नव्हतात, तर म्हणालेच नाहीत. म्हणाले, ते त्यांचं वाक्य आहे, दुसऱ्या कोणाला कसं सांगू."

कोणतं वाक्य, ते मी विचारलं नाही. अजूनही मला ते माहीत नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. यंदा मुलगी म्हणाली, वैशाखात या, तिकिटं मी काढते. व्हिएन्नाला उतरायचं, तिथे दोन दिवस, मग आगगाडीने व्हेनिस, आणि शेवटी तिच्या घरी तीन आठवडे. सासू-सासरे तिच्या वरच्याच मजल्यावर राहतात. "आणि बाबा, प्लीज," ती म्हणाली, "निदान नमस्कार तरी तिकडच्या भाषेत करा. लोक खुश होतात."

मी हे काम एकदम मनावर घेतलं. इतकं, की मलाच आश्चर्य वाटलं.

मुन्शी घाटावर एक नावाडी आहे. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पाचवीत त्याने शाळा सोडली आणि बापाची नाव धरली. मी बँकेत लागलो. तेव्हापासून तो मला मॅनेजरसाहेब म्हणतो. मी मॅनेजर कधी झालो नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माझ्या लहानपणापासून तो परदेशी लोकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत हाका मारत आला आहे, तेव्हा मला दुसरा शिक्षक सुचलाच नाही. बँकेतून सुटलो की मी पायऱ्या उतरून त्याच्या नावेत जाऊन बसायचो.

"बोलो मॅनेजर साहब, आज कउन देस?"

"व्हिएन्ना. म्हणजे जर्मन."

"गुटन टाग! छाती से बोलो. जर्मन को हल्का बोलोगे तो सुनेगा नहीं. अउर इटली वाले को गा के बोलना है. बोंजोर्नोऽऽ सिन्योरा! देखो, हाथ भी उठेगा."

मी हात उचलून म्हणायचो. शेजारच्या नावांवरची पोरं खिदळायची. फ्रेंच मला जमलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "अरे, नाक से बोलो, जुकाम हुआ है समझ के." स्पॅनिशची गरज नव्हती, पण तो म्हणाला, मिळतंय तर घ्या. मी सगळं एका वहीत देवनागरीत लिहून घेतलं. व्हिएन्नात गुटन टागपेक्षा ग्रूस गॉट चालतं, हेसुद्धा त्याला माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी कोणा ऑस्ट्रियन म्हाताऱ्याने त्याची चूक सुधारली होती.

घरी मी आरशासमोर म्हणायचो, आंघोळ करताना म्हणायचो, जिना चढताना म्हणायचो. बायको एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही स्टेशनातल्या लोकांना भेटायला चाललात की व्याह्यांना?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाटेत जे दोन मिनिटं भेटणार, त्यांचं सगळं पाठ झालं. जिथे तीन आठवडे राहायचं आहे, तिथलं काही ऐकू आलं नाही अजून."

"त्याला ती भाषा येत नाही," मी नावाड्यावर ढकललं. "तिकडचे लोक इकडे येत नाहीत म्हणे."

"दोघं आले होते," ती म्हणाली आणि काड्या उचलून आत गेली.

ती खरं बोलत होती. ज्यांचं मी काही वाईट केलं नाही, त्यांना नमस्कार करणं सोपं होतं. इतकं सोपं, की मला त्यात मजा यायला लागली होती. मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, चला बाबा, आज स्लोव्हेनियन. मी म्हणायचो, आवाज तुटतोय. म्हणायचो, दारावर कोणीतरी आलंय. शेवटी एका रविवारी तिने धरलंच.

"बाबा, दोन शब्द आहेत. दोबेर दान. म्हणा."

मी म्हणालो. आणि सवयीने पुढे म्हणालो, "बोट?"

ती इतकी हसली की तिला खोकला आला. "बाबा! सच में? तुम्ही माझ्या सासऱ्यांना नाव भाड्याने देणार?"

मीही हसलो. नावाड्याकडून शिकताना प्रत्येक नमस्कार मी त्याच्या चालीत उचलला होता. शेवट वर जाणारा, गिऱ्हाईक थांबवणारा, आणि पाठोपाठ नावेत बोलावणारा तो एक इंग्रजी शब्द. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. मग डोळे पुसत ती सहज म्हणाली, "नाही, पण त्यांना खूप बरं वाटेल हं. ते अजून म्हणतात, तुझ्या बाबांना किती वाईट वाटलं असेल, एवढं सगळं ठरलेलं आणि नोकरीमुळे भेट चुकली."

माझं हसू थांबलं. चार वर्षं तो माणूस माझी कीव करत होता. मला वाईट वाटलं असेल म्हणून त्याला वाईट वाटत होतं.

त्यानंतर पंधरा दिवस मी दोबेर दान म्हणून पाहिलं आणि मला ते म्हणता येईना. उच्चार अवघड नव्हता. पण ते म्हणून मी त्याच्या दारात उभा राहणार, तो मला कवेत घेणार, आणि त्याच्या मिठीतसुद्धा मी मिर्झापूरलाच असणार. हे घेऊन तीन आठवडे त्याच्या छपराखाली जेवायचं. मी बायकोला म्हणालो, "तू एकटीच जाऊन ये. माझी पाठ विमानात टिकणार नाही."

ती म्हणाली, "या खेपेला मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

मी मुलीला फोन केला. दुपारची वेळ होती, तिच्याकडे सकाळ, ती कामावर निघाली होती. मी म्हणालो, मिर्झापूरला तपासणी नव्हती. मी रामनगरला होतो. मुद्दाम.

"म्हणजे? कोणापासून?"

"सगळ्यांपासून. गल्ली पाहील म्हणून."

रस्त्यावरचे आवाज ऐकू येत होते. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

चार दिवस तिचा फोन नाही. बायकोचा फोनही तिने उचलला नाही. पाचव्या दिवशी मुलीचा निरोप आला: "त्यांना तुम्ही सांगायचं. मी तुमच्यासाठी दुभाषी होणार नाही. रविवारी चार वाजता ते माझ्याकडे येतील, तेव्हा व्हिडिओ लावा." पाठोपाठ तिच्या आवाजातला एक तुकडा आला. सहा-सात शब्द, तीनदा, सावकाश. स्क्रिऊ सेम से प्रेद वामी. ओप्रोस्तीते. खाली अर्थ लिहिला होता: मी तुमच्यापासून लपलो. क्षमा करा.

तो तुकडा मी नावेत बसून ऐकत होतो. नावाड्याने कान दिला. "ई कउन भासा है? नमस्ते है?"

"नाही," मी म्हणालो, आणि अर्थ सांगितला.

तो थोडा वेळ वल्ह्याच्या दोरीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "ई तो हमको एको में नहीं आता, मॅनेजर साहब. कभी काम ही नहीं पड़ा. आदमी बइठा, घूमा, उतरा, गया. दोबारा कउन मिलता है."

मी रविवारपर्यंत ते वाक्य पाठ केलं. इतर चार भाषांच्या वेळी आरशात पाहायचो, या वेळी पाहिलं नाही.

रविवारी बायको माझ्या शेजारी बसली. पडद्यावर मुलगी, जावई आणि मध्ये ते दोघं. व्याही लग्नाच्या वेळी फोनवर दिसले होते त्यापेक्षा म्हातारे दिसत होते. विहीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता. मी दोबेर दान म्हणालो, आणि ते खुश होऊन काही बोलायच्या आत पुढचं वाक्यही म्हणून टाकलं. चुकलो. पुन्हा म्हणालो. मग इंग्रजीत, माझ्या तुटक्या इंग्रजीत, सांगितलं की तपासणी नव्हती, मी नदीच्या पलीकडे होतो, दिवसभर.

व्याह्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. त्यांना समजलं होतं, इंग्रजी त्यांना येतं. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर? आणि जेवलात कुठे?"

माझी या प्रश्नाची तयारी नव्हती. मी सांगितलं, दुपारी कचोरी खाल्ली, नंतर लस्सी. ते मान हलवत राहिले, आपला विद्यार्थी अखेर खरं बोलला म्हणून शिक्षक हलवतात तशी. "वैशाखात या," ते म्हणाले. "बोलू."

पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे पाहिलं, आपल्या भाषेत एक वाक्य बोलल्या आणि उठून आत गेल्या. मी म्हणालो, "काय म्हणाल्या?"

"मी दुभाषी नाही म्हटलं ना, बाबा."

मग जावयाने, तो सगळ्यात कमी बोलणारा, सांगितलं. त्याची आई म्हणाली होती: त्या दिवशी ती बाई दिवसभर एकटी उभी होती.

फोन बंद झाला. मी पडद्याकडेच पाहत बसलो. चार वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा आणि त्याच्या न बोललेल्या वाक्याचा विचार करत होतो. त्या दिवशी घरात तिसरंही एक माणूस होतं, हे मला सातासमुद्रापलीकडच्या बाईने सांगावं लागलं. तिला मी काय म्हणणार होतो? परक्यांच्या भाषेतला शब्द पाठ करता येतो. नवरा-बायकोत असा शब्द आमच्या घरात कधी वापरलाच गेला नव्हता.

मी म्हणालो, "त्या दिवशी काय काय झालं, ते सांगशील?"

"आता?"

"आता."

तिने पदर सारखा केला आणि सांगायला लागली. घाईने नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांना घ्यायला कोणी गेलं नाही, ते विचारत विचारत दारापर्यंत आले. चूडा-मटर, म्हणजे इकडचे मटार घातलेले पोहे, करायचे म्हणून मटार आणलेले होते, तर विहीणबाई सरळ जमिनीवर तिच्याजवळ बसल्या आणि दोघींनी मिळून ते सोलले. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. दोघी तासभर बोलल्या. विहीणबाईंनी मुलीच्या लहानपणाचे फोटो पाहिले आणि एक मागून घेतला. व्याही सारखे दारापाशी जाऊन गल्लीत पाहून येत होते. त्यांना वाटत होतं, तपासणी लवकर संपेल.

"आणि आले तेव्हा?" मी विचारलं.

"आले तेव्हा मी उंबऱ्याबाहेर नारळ घेऊन उभी होते. दुसरं कोण उभं राहणार. त्यांनी आपले दोन्ही हात असे उघडले." तिने हात उघडून दाखवले. "मुलीने सांगितलं होतं ना त्यांना, मिठी असते म्हणून. मग समोर मी आहे हे लक्षात आलं. बिचाऱ्यांना हात कुठे न्यावे कळेना. शेवटी त्यांनी नारळ घेतला, तोच छातीशी धरला."

"आणि ओट्यावरचे?"

"ओट्यावर कोणी नव्हतं," ती म्हणाली. "थंडी किती होती त्या दिवशी."